रात्रीच्या राइडसाठी दिवे आणि गार्ड

रात्री इलेक्ट्रिक युनिसायकलवर (विजेवर चालणाऱ्या एकचाकी गाडीवर) राइडला येणाऱ्या सर्व सभासदांना कळकळीची विनंती. उसाचा हंगाम सुरू झाला की खानापूर रोडवर रात्रीही ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात आणि कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवाच नसतो. आपल्या इलेक्ट्रिक युनिसायकलचा दिवा खाली असतो. त्याने खड्ड्याची सावली छान उठून दिसते, पण वळणावर तो पुरत नाही. म्हणून हेल्मेटवर दुसरा दिवा लावाच. झोत जरा खाली ठेवा, समोरच्याचे डोळे दिपायला नकोत. मागचा लाल दिवा पाठीवरच्या बॅगेला अडकवा, चाकावरचा पटकन नजरेत भरत नाही. फुल फेस हेल्मेट, मनगटाचे आणि गुडघ्याचे गार्ड नसतील तर कृपया येऊ नका. खड्ड्यात चाक अडलं की माणूस पुढे फेकला जातो आणि आधी हातच टेकतात. दिवे घरूनच चार्ज करून आणावेत.