दोष कार्बोरेटरचा की पान्याचा?

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतल्या जुन्या मोटारींवरच्या लेखात बिघाडांचे सगळे खापर कार्बोरेटरवर, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागावर, फोडले आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

रामबागेतल्या आमच्या घरी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी आहे. हे गेले तेव्हा सगळे म्हणाले, विकून टाका. मी विकली नाही, शिकले.

गेल्या वर्षी ती सिग्नलला उभी राहिली की थरथरून बंद पडायची. एका मिस्त्रीने दोन महिन्यांत तीनदा कार्बोरेटर उघडला, जेट (पेट्रोलची बारीक छिद्रे) फुंकले, स्क्रू फिरवला, पैसे घेतले. दोन दिवस बरे, तिसऱ्या दिवशी येरे माझ्या मागल्या. शेवटी इंजिन चालू ठेवून मी कार्बोरेटरच्या बुडाशी, पॅकिंगच्या कडेने, ब्रशने थोडे ऑईल फिरवले. आवाज लगेच सुधारला! म्हणजे तिथून हवा ओढली जात होती. कार्बोरेटर काढून टेबलाच्या काचेवर ठेवला, तर मधल्या फटीतून वहीचा कागद सहज सरकला. दर वेळी नट जीव खाऊन आवळल्यावर बुडाचे नाजूक कान (नट बसतात त्या कडा) वाकणारच. मिस्त्रीची प्रत्येक दुरुस्ती पुढच्या तक्रारीची सोय करत होती.

काचेवर सँडपेपर पसरून बूड घासले, नवे पॅकिंग टाकले. मग पेट्रोल-हवेचे प्रमाण ठरवणारा मिक्श्चर स्क्रू अलगद टेकेपर्यंत आत आणि दीड फेरी मागे. (आवळू नये, टोकाला खाच पडते.) इंजिन तापल्यावर पाव-पाव फेरी फिरवत कानाने ठरवायचे. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर माझ्या गाडीला जवळजवळ दोन फेऱ्या लागतात, कारण इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, म्हणून इंधन थोडे जास्त सोडावे लागते. अर्थात हा स्क्रू फक्त उभ्या गाडीपुरता. महेश्वरच्या वाटेवर घाटात गाडी दमली तर चालत्या गाडीला पेट्रोल पुरवणारा मेन जेट बघावा लागतो.

मिस्त्री तरुण होता, त्याला तरी काय बोलणार? १ एप्रिल २०२० ला धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि नव्या दुचाकींतूनही कार्बोरेटर जवळपास गेला. शहरातल्या एखाद्या आयटीआयने तो शिकवायला ठेवावा. माझ्याकडे एक सुटा सोलेक्स कार्बोरेटर पडून आहे, तो मी देईन. कानही वाकलेलेच आहेत, मुलांना दाखवायला बरे.

— एक निवृत्त शिक्षिका, इंदूर