उद्या फर्नांडिना बेट, सगळ्यांनी वाचा

मंडळी, उद्या सकाळी फर्नांडिनावर पुंता एस्पिनोझाला उतरायचंय, गालापागोसमधलं सगळ्यात तरुण बेट, मार्च २०२४ मध्येच इथला ज्वालामुखी फुटला होता. खाली नुसता काळा लाव्हा, ओला असला की जाम घसरतो, म्हणून चप्पल नको, ग्रिपवाले बूटच घाला. छोट्या बोटीत चढता-उतरताना दोन्ही हात मोकळे हवेत, कॅमेरा बॅगेत.

आणि बघून पाय टाका प्लीज! समुद्री इग्वाना (मोठे सरडेच ते) लाव्हाच्याच रंगाचे असतात, ढिगाने पडलेले असतात आणि हलत नाहीत, वर नाकातून खारं पाणी फुर्रकन उडवतात, तेव्हा दचकू नका 😄 उडता न येणारा पाणकावळा जगात फक्त या बेटावर आणि शेजारच्या इसाबेलावरच आहे, त्यामुळे झूम लेन्स असेल तर आणाच.

प्राण्यांपासून २ मीटर लांब, फ्लॅश बंद, ड्रोन नाही, खाणं बोटीवरच ठेवायचं. गाइडला सोडून कोणी पुढे जायचं नाही, मागच्या बेटावर दोघं सेल्फीसाठी गेले आणि सगळा ग्रुप खोळंबला. स्नॉर्केलिंगला वेटसूट घ्या, विषुववृत्त असलं तरी पाणी गार असतं, म्हणून तर पेंग्विन आहेत इथे.