बाबा, ट्रॅक्टर घ्या पण पंचेचाळीसचा नको

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर ट्रॅक्टरचा विषय निघाला की बाबा चिडतात अन् आई म्हणते जाऊ दे नंतर बोलू, म्हणून आता सगळं लिहूनच पाठवतेय. दादा, तू वाचून दाखवणार आहेस ना, मग मधलं गाळायचं नाही, तुझ्याबद्दल पण आहे यात.

पहिलं म्हणजे ट्रॅक्टर घ्यायलाच पाहिजे, याला माझा विरोध नाही. सालगडी मिळत नाही, मिळाला तर उचल घेऊन दिवाळीनंतर गायब. सहा जनावरांची लीद रोज भरायची म्हणजे काय असतं ते मला माहितीय, एक घोडा दिवसाला पंधरा-वीस किलो टाकतो, सहाची धरली तर महिन्याला तीन टनाच्या आसपास जाते. ती घमेल्यानं उकिरड्यापर्यंत कोण नेणार, बाबा सत्तरीत अन् गुडघ्याचं ते तसं.

पण पंचेचाळीस एचपी, म्हणजे एवढ्या ताकदीचं इंजिन, कामून पाहिजे? शिवारात सगळ्यांकडं तेवढाच आहे म्हणून? त्यांना ऊस अन् हळद वाहायचीय, भरलेल्या ट्रॉल्या कारखान्याला ओढायच्यात. आपल्याला काय ओढायचंय? लीद, कडबा, वाळू, अन् रिंगणात फिरवायची फळी. बस. एकरभर लसूण घास अन् राहिलेल्या रानात ज्वारी, तिची नांगरट वर्षातून एकदा भाड्याच्या मोठ्या ट्रॅक्टरनं करून घ्यायची, काळ्या रानात खोल नांगरट बारक्या ट्रॅक्टरचं काम नाहीच, हे मी पण मान्य करते. त्या एका दिवसासाठी वर्षभर हत्ती पोसायचा का?

अन् खरी गोष्ट जमिनीची आहे बाबा. मोठा ट्रॅक्टर दोन टनाच्या घरात जातो, चोवीस-पंचवीस एचपीचा मिनी त्याच्या निम्म्याच्या आतबाहेर. आपली काळी माती पावसात फुगते, त्यात मोठ्याचं चाक गेलं की खोल चाकोरी पडते अन् उन्हाळ्यात ती दगडासारखी वाळते. त्या चाकोरीत धावता धावता आपल्या बिजली घोडीचा पाय मुरगळला तर? तुम्हीच तर शिकवलं की घोडं पायावर जगतं. माळेगावच्या यात्रेत तुम्ही आधी खूर बघता, दात नंतर, मग ट्रॅक्टर घेताना पण खुराखालची जमीनच आधी बघा ना.

आता कोणता. मी इकडं वाळूजला पार्टच्या कंपनीत आहे म्हणजे ट्रॅक्टरची तज्ज्ञ झाले असं नाही, पण कागद वाचता येतात. महिंद्राचा जिवो 245 चोवीस एचपीचा, दोन सिलेंडर, फोर व्हील ड्राइव्ह म्हणजे चारही चाकांना ओढ, अन् मागं अवजार उचलायची लिफ्ट साडेसातशे किलोची. कुबोटाचा निओस्टार बी 2441 पण चोवीसचाच, लिफ्ट तेवढीच, पण तीन सिलेंडर त्यामुळे थरथर कमी. महिंद्राचाच ओजा 2121 आहे, 2023 च्या पंधरा ऑगस्टला ती सिरीज आली, एकवीस एचपी पण लिफ्ट साडेनऊशे किलो, अन् पुढं-मागं करायला वेगळा दांडा, ज्याला शटल म्हणतात. पागेसमोर एवढुश्या जागेत दहादा पुढं-मागं करायचं असतं तिथं तो दांडा लई कामाचा. स्वराजचा 724 एक्सएम दादाला आवडलाय, त्याची लिफ्ट हजार किलोची आहे हे खरं, पण तो टू व्हील आहे दादा, अन् जुलैत आपल्या वाटेनं लीदीची ट्रॉली घेऊन टू व्हील चालवून दाखव, मी तुला जेवण देते. फोर व्हील पाहिजेच, त्यात मी ऐकणार नाही.

यातला कोणता हे मी इथं बसून ठरवणार नाही, कारण निम्मा निर्णय सर्व्हिसचा आहे. नांदेडला शोरूम आहे म्हणून चालत नाही, लोह्यात किंवा कंधारात मिस्त्री येतो का, फिल्टर अन् क्लच प्लेट दोन दिवसात मिळते का, ते त्याच कंपनीचा मिनी वापरणाऱ्याला विचारा, विकणाऱ्याला नाही. विकणारा सगळं मिळतं म्हणतो. मागच्या वेळी ज्या शोरूममध्ये दादा गेला होता तिथल्यानं तर घोड्यासाठी ट्रॅक्टर म्हणल्यावर हसून पन्नासचं कोटेशन हातात दिलं, त्याला कमिशन पडतं, आपल्याला हप्ता पडतो.

सायलेन्सर कुठून निघतो ते बघा. पागेचं पत्र्याचं छत कमी उंचीचं, वर निघणारा सायलेन्सर आत गेला की धूर तिथंच कोंडतो अन् घोडी बुजतात. फळबागेसाठी जे मॉडेल येतात त्यात खालून काढलेला असतो, तसा मिळाला तर बरं. लीद भरायला पुढं लोडर लावू म्हणतोय दादा, नको, पुढच्या एक्सलवर वजन येतं अन् किंमत पण वाढते, मागं लिफ्टला ब्लेड लावली तरी ढकलून होते. माती भुसभुशीत करायचा साडेतीन-चार फुटी रोटाव्हेटर नंतर बघू. अन् लीद ताजी ताजी रिंगणात किंवा घासात टाकू नका, ढीग लावून कुजू द्या, ट्रॅक्टरनं मधूनमधून उलथवा, आत तापली की जंताची अंडी मरतात.

कडबा कापायची कुट्टी मशीन ट्रॅक्टरवर लावायची नाही. आई, हे तुझ्यासाठी आहे. ट्रॅक्टरच्या मागं जो शाफ्ट फिरतो, पीटीओ म्हणतात त्याला, तो मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. त्याच्यावर प्लास्टिकचं कव्हर असतं अन् ग्रीस द्यायला अडतं म्हणून लोक ते पहिल्या महिन्यात काढून फेकतात. तुझा पदर किंवा बाबांच्या धोतराचा सोगा त्यात एकदा गुंतला की हात सोडवायला पण वेळ मिळत नाही. कुट्टीला आहे ती करंटची मोटर ठीक आहे, लाईट नसली तर संध्याकाळी कर, जनावरं तासभर थांबतील. अन् बाबा, कव्हर काढलेलं मला दिसलं तर मी चावी घेऊन संभाजीनगरला येणार, हे आधीच सांगून ठेवते.

पैशाचं. 2025 च्या 22 सप्टेंबरपासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारावरून पाच टक्के झालाय, टॅक्स सोडून पाच लाखाची गाडी धरली तर पस्तीस हजाराचा फरक पडतो, म्हणजे दादाकडं जुनं कोटेशन असेल तर फेकून द्या. दुसरं, सातबारा आईच्या नावावर आहे, तर सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अनुदानाचा अर्ज आईच्याच नावानं करायचा, महिला अन् अल्पभूधारकाला पन्नास टक्के, जास्तीत जास्त सव्वा लाख अनुदान आहे. आता लॉटरी नाही, जो आधी अर्ज करेल त्याचा नंबर आधी. फार्मर आयडी, म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक, काढलाय ना आईचा? नसेल तर आधी ते. अन् पूर्वसंमतीचं पत्र यायच्या आधी ट्रॅक्टर घेतला तर अनुदान गेलं, म्हणून शोरूमवाला कितीही म्हणो टोकन द्या ऑफर संपतेय, पाच हजार सुद्धा द्यायचे नाहीत.

पुढच्या रविवारी मी येतेय. डेमो शोरूमच्या डांबरावर नको, आपल्या रानात ठेवायला सांग दादा, आदल्या दिवशी घासाच्या पट्ट्याला पाणी सोडून ठेव म्हणजे चिखलात कसा चालतो ते कळेल. बाबांनी स्वतः चढून उतरून बघायचं, नेहमीच्या धोतरावर, तेव्हा पँट घालायची नाही. शिंगराला तेवढा वेळ पलीकडच्या खोपीत बांधा. अन् आई, येताना तुझी बीपीची गोळी इथून आणू का, तिकडं ती कंपनी मिळत नाही म्हणत होतीस ना?

तुमची,
मोठी