बॉल नसलेले फोटो: पिट्सबर्गच्या काकांना आभारपत्र

प्रिय काका,
साष्टांग नमस्कार.

तुमचे आभार तोंडी मानायला गेलं की तुम्ही "चहा टाक आधी" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांना वाचता येईल असं. मंडळातले काही पालक मला विचारत होते, लेकीची फील्डिंग एवढी कशी सुधारली, कुठलं कोचिंग लावलं? त्यांना काय सांगणार? ऐंशीच्या घरातले एक काका आणि शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचे बेसबॉलचे कृष्णधवल फोटो, असं म्हटलं तर थट्टाच वाटते.

व्हिडिओ तिने ढीगभर पाहिले होते. पण व्हिडिओत नजर बॉलमागे पळते. खेळाडूचे पाय कुठे होते ते कोणी पाहत नाही. तुमच्या अल्बममधल्या निम्म्या फोटोंत बॉल दिसतच नाही. तुम्ही तिला विचारायचात, "सांग, बॉल कुठून येतोय?" मग तिला खेळाडूच्या टाचा, गुडघे, हनुवटी, हातांची उंची असं सगळं पाहून उत्तर शोधावं लागायचं. "हा वजन पुढच्या पायावर घेऊन उभा आहे, म्हणजे बॉल अजून लांब आहे," असं ती पहिल्यांदा म्हणाली तेव्हा तुम्ही टाळी दिलीत. एरवी तुम्ही कौतुकाच्या बाबतीत फारच काटकसरी आहात, हेही इथे नोंदवून ठेवते.

ओल्ड जज सिगारेटच्या पाकिटांत १८८६ ते १८९० च्या दरम्यान निघालेले ते छोटे फोटो तिला सगळ्यात जास्त आवडले. तेव्हाच्या कॅमेऱ्यांना उडता बॉल पकडणं जमत नव्हतं, म्हणून खेळाडूला स्टुडिओत उभं करायचे. मागे रंगवलेला पडदा, पायाखाली कधी गालिचा आणि समोर छताला दोऱ्याने टांगलेला बॉल. मोठे मिशाळ पुरुष त्या लोंबत्या बॉलकडे इतक्या गंभीरपणे हात नेतात की हसू आवरत नाही. ती पोटभर हसली. तुम्ही मात्र गराजमध्ये खरंच दोऱ्याला बॉल टांगलात, तिला त्याखाली उभं केलंत, फोनने फोटो काढलात आणि त्याची कृष्णधवल प्रत काढून त्या मिशाळ खेळाडूच्या शेजारी ठेवलीत. पुढे कोणी काही बोललं नाही. तिला स्वतःलाच दिसलं की आपल्या टाचा जमिनीला चिकटल्या आहेत आणि कोपरं अंगाला. मी तेच आठवडाभर ओरडून सांगत होते, पण आईचं ओरडणं म्हणजे घरातल्या फ्रिजचा आवाज!

दोन्ही हातांनी बॉल घ्यायचा, हा तुमचा दुसरा हट्ट. आजचे ग्लोव्ह एवढे मोठे आणि खोल की बॉल आपोआप अडकतो, मग मुलं एका हाताने काम उरकतात. तुम्ही तिला बिड मॅकफी दाखवलात. सिनसिनाटीचा सेकंड बेसमन, म्हणजे धावणाऱ्याने गाठायच्या टप्प्यांपैकी (बेसपैकी) दुसऱ्याजवळ उभा राहणारा. बाकीचे ग्लोव्ह घालायला लागल्यावरही हा पठ्ठ्या १८९६ पर्यंत उघड्या हातांनी खेळला आणि हात टणक व्हावेत म्हणून ते मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचा. पुढचे ग्लोव्हसुद्धा चामड्याच्या गादीपेक्षा फार काही नव्हते. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये जाळी विणण्याची कल्पना सेंट लुईसचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, बिल डोक याने आणली, ती १९२० च्या सुमारास. तोवर दुसरा हात लगेच झाकणासारखा वर आला नाही, तर बॉल उडून बाहेर. म्हणूनच त्या काळच्या फोटोंत मोकळा हात कायम ग्लोव्हच्या शेजारी असतो. तुम्ही फोमचा चपटा तुकडा इलॅस्टिकने तिच्या तळहाताला बांधून ग्राउंडर, म्हणजे जमिनीलगत येणारे बॉल, घ्यायला लावलेत, आणि तिसऱ्या दिवशी तिचा दुसरा हात न सांगता येऊ लागला.

आणि होनस वॅग्नर, पिट्सबर्ग पायरेट्सचा शॉर्टस्टॉप, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मध्ये उभा राहणारा! पिट्सबर्गमध्ये राहून त्याच्यावर थोडं रेंगाळायला हवंच. तो इथल्या कार्नेगी गावचा, पोरवयात कोळशाच्या खाणीत काम केलेला, पायांनी कमानीसारखा वाकडा, आणि हात एवढे मोठे की जमिनीवरून बॉल उचलताना मातीखडेही उचलून सगळंच फर्स्ट बेसकडे भिरकावायचा, असं सांगतात. पायरेट्सच्या मैदानाबाहेरचा, पीएनसी पार्कबाहेरचा, त्याचा पुतळा मी कितीदा पाहिला असेन. बॅट फिरवतानाचा आहे. आठ वेळा फलंदाजीत अव्वल आलेल्या माणसाचा तसाच असणार म्हणा. पण पायरेट्सच्याच बिल माझरॉस्कीचं काय? सेकंड बेसवर त्याच्याइतके चपळ हात क्वचितच कुणाचे झाले असतील, तरी त्याचाही पुतळा १९६० ची वर्ल्ड सिरीज जिंकून देणाऱ्या होम रननंतर धावतानाचाच. फील्डिंगचे पुतळे या शहराने का केले नाहीत, यावर तुम्ही अर्धा तास बोललात आणि मला ते सगळं पटलं. वॅग्नरच्या फोटोवर तुम्ही पेन्सिलने एकच रेघ ओढलीत, त्याच्या कंबरेपासून जमिनीपर्यंत. एवढा धिप्पाड गडी, पण बॉल घेताना बसका झालेला. लेक त्या रेघेची लांबी बोटांनी मोजत होती.

आमच्या घरात क्रिकेट जास्त, त्यामुळे चेंडू अडवायचा म्हणजे एक गुडघा टेकवून पायाची भिंत करायची, हे तिच्या बाबांचं शिक्षण. तुम्ही त्यांचा मान राखून फरक समजावलात. क्रिकेटमध्ये चेंडू अडला की धाव वाचते. इथे नुसतं अडवून भागत नाही. धावणारी साठ फूट पार करायच्या आत बॉल फर्स्ट बेसवर पोचायला हवा, आणि टेकलेल्या गुडघ्यावरून उठण्यात तो वेळ जातो. बाबा गप्प झाले. आमच्याकडे हे दुर्मीळ.

चार्ल्स कॉनलनच्या त्या प्रसिद्ध फोटोबद्दलही आभार. व्यवसायाने मुद्रितशोधक असलेल्या या गृहस्थाने १९१० मध्ये थर्ड बेसवर घसरत येणारा टाय कॉब टिपला, आणि आपण कळ दाबली की नाही हे त्यालाच आठवत नव्हतं! सगळं जग त्यात कॉबचे आवळलेले दात आणि उडालेली माती बघतं. तुम्ही कॉबवर तळहात ठेवलात आणि म्हणालात, "आता ऑस्टिनकडे बघ." थर्ड बेसमन जिमी ऑस्टिनचे पाय जमिनीवरून उखडलेले. बेसवर थ्रो घेताना उभं कुठे राहायचं, हे त्यावरून ती जे शिकली ते कुठल्याही सूचनेने शिकली नसती. परवाच्या सामन्यात समोरची मुलगी घसरत आली तेव्हा आमची बेसच्या बाजूला होती. टॅग लागला, म्हणजे हातातला बॉल अंगाला टेकवून तिला बाद केलं, दोघी उठून कपडे झटकू लागल्या. माझा जीव तेवढा खाली-वर झाला.

अमेरिकेच्या काँग्रेसच्या (संसदेच्या) ग्रंथालयातल्या, बेन या जुन्या वृत्तछायाचित्र संस्थेच्या, म्हणजे बेन न्यूज सर्व्हिसच्या काचेच्या निगेटिव्ह आता कुणालाही घरबसल्या बघता येतात, हे तुम्ही दाखवून दिल्यापासून ती स्वतःच फोटो शोधते. काचेवर हाताने लिहिलेली नावं वाचून दाखवते आणि नंतर मला विचारते, "आई, बॉल कुठे आहे?" माझी उत्तरं बहुतेक चुकतात, तिला त्याचा फार आनंद होतो.

आता एक विनंती. धाकट्याला कॅचर, म्हणजे बॅट्समनच्या मागे बसून बॉल झेलणारा, व्हायचंय. तुमच्या अल्बममधली कॅचरची पानं अजून आम्ही उघडलेली नाहीत. १९०७ मध्ये पायांना पॅड बांधून उतरलेला रॉजर ब्रेस्नाहन त्यात आहे म्हणालात. रविवारी दुपारी घेऊन येऊ का त्याला? फोमचा तुकडा आम्ही आणतो, चहा मात्र तुमच्याकडचा.

तुमच्या शॉर्टस्टॉपची आई