तक्रारपेटीची किल्ली कोणाकडे आहे?

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
स. न. वि. वि.

माझा मुलगा सातवीत आहे. गेल्या महिन्यात गणिताच्या सरांनी त्याला लाकडी पट्टीने पाठीवर मारलं. घरी त्याने चकार शब्द काढला नाही. रात्री उकाड्यातही बनियन काढेना, तेव्हा मी ते वर करून पाहिलं. पट्टीची कड जशीच्या तशी उमटली होती.

मी शाळेत लेखी तक्रार दिली. दुसऱ्या दिवशी सरांनी ती भर वर्गात वाचून दाखवली. मुलाला उभं करून विचारलं, "आईला आणखी काय काय सांगतोस रे?" पोरं हसली. आता त्याच्या शेजारी कोणी डबा खायला बसत नाही, चुगलखोर म्हणतात. मी पुन्हा शाळेत गेले, तर ऑफिसातले क्लार्क म्हणाले, "ताई, दहावीपर्यंत इथंच ठेवायचंय ना त्याला?" आणि परवा पोरगाच मला म्हणाला, "तू विचारायलाच नको होतंस."

साहेब, मुलं का बोलत नाहीत याचा वेगळा अभ्यास कशाला हवा? बोललेल्याचं काय होतं ते सगळ्या वर्गाने डोळ्यांनी पाहिलं. त्यातलं कोण आता तोंड उघडेल?

तक्रारपेटीचा आदेश २०१७ चा. शाळेत मुलांच्या सुरक्षेकडे बघणाऱ्या सखी सावित्री समितीचा २०२२ चा. २०२४ मध्ये पुन्हा तेच, वर सीसीटीव्ही. आमच्या शाळेत पेटी आहे, मुख्याध्यापकांच्या दाराशी, कॅमेऱ्याच्या बरोबर खाली. किल्ली त्यांच्याच ड्रॉवरमध्ये. समितीत कोण आहे, एकाही पालकाला माहीत नाही. तुमच्या तपासणीत मात्र शाळा पास!

२०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत ज्यांच्यावर अत्याचार झाला, त्या मुली तर शिशुवर्गातल्या होत्या. त्यांनी घरी सांगितलं होतं. गप्प बसली ती मोठी माणसं. पालकांना पोलीस ठाण्यात ताटकळत ठेवलं, लोक रेल्वे रुळांवर उतरले, तेव्हा सरकारला जाग आली. प्रत्येक आईने आता रूळ गाठायचे का?

केंद्राच्याच महिला व बालविकास मंत्रालयाचा २००७ चा अहवाल काढून बघा. तेरा राज्यांतली बारा हजारांवर मुलं. शाळेत जाणाऱ्यांपैकी ६५ टक्के मुलांनी मार खाल्ल्याचं सांगितलं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारहाणीला बंदी आहे, पण कारवाई सेवानियमांनुसार, म्हणजे खासगी शाळेत संस्थेनेच करायची. आणि संस्था कोणाच्या? जिल्ह्याजिल्ह्यात आमदार, माजी आमदार, त्यांचे मेव्हणे-जावई. शिक्षणाधिकाऱ्याची त्यांना नोटीस काढायची छाती होते का? तुम्ही सगळे एकमेकांना सांभाळून घेता आणि आमच्या लेकरांना 'निर्भय बना' म्हणून भाषणं देता.

पेटीची किल्ली शाळेबाहेरच्या माणसाकडे द्या. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्या हाती मुलाचं नाव जाता कामा नये. चौकशी संपेपर्यंत तो शिक्षक त्या वर्गावर नको. यातल्या कशालाच निधी लागत नाही, वित्त विभागाची मंजुरी लागत नाही. हा आदेश कोणत्या तारखेला निघणार, ते मला लेखी कळवा.

आपली,
सातवीतल्या एका मुलाची आई