आधी लेन्स ठरवा, कॅमेरा नंतर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला पाण्याखालच्या छायाचित्रणावरचा लेख वाचला. हा विषय घेतलात याचा मनापासून आनंद झाला. पण नवशिक्यांना दिलेल्या सल्ल्यात सगळा भर कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलवर आणि हाउसिंग, म्हणजे कॅमेऱ्याची जलरोधक पेटी, किती मीटर खोल चालते यावर होता. पोर्टचा, म्हणजे लेन्ससमोरच्या पारदर्शक खिडकीचा, साधा उल्लेखही नव्हता. नव्या मंडळींना पहिला संच निवडायला मी बरीच वर्षे मदत करतो, म्हणून लिहिल्याशिवाय राहवले नाही.

हाउसिंगमधली लेन्स पाण्याकडे बघते ती पोर्टमधून. पोर्ट सपाट असेल, तर पाण्याच्या 1.33 अपवर्तनांकामुळे वस्तू सुमारे एकतृतीयांशाने मोठी दिसते आणि दृश्यकोन आक्रसतो. इवल्याशा समुद्री गोगलगायी टिपणाऱ्याला हे हवेच असते. त्याने 60 किंवा 100 मिमीची मॅक्रो लेन्स सपाट पोर्टमागे लावावी आणि निश्चिंत व्हावे. रुंद दृश्य टिपणाऱ्या वाइड लेन्सचे मात्र सपाट पोर्टमागे मातेरे होते. तिला डोम, म्हणजे घुमटासारखा बाहेर फुगलेला पोर्टच हवा.

डोमचे गणित थोडे वेगळे आहे. त्यामागच्या लेन्सला खरा मासा दिसतच नाही, त्याची डोमच्या जवळ तयार झालेली आभासी प्रतिमा दिसते. कितीही दूरची वस्तू घ्या, तिची प्रतिमा डोमच्या पृष्ठभागापासून त्याच्या त्रिज्येच्या साधारण तिपटीच्या आतच पडते. त्रिज्या 10 सेंमी असेल तर 30 सेंमीच्या आत! म्हणजे जवळ फोकस न होणारी लेन्स, मग ती जमिनीवर कितीही नावाजलेली असो, इथे कुचकामी. शिवाय ही प्रतिमा वक्र असते, त्यामुळे कोपरे अस्पष्ट येतात. डोम मोठा घेतला आणि लेन्सचे छिद्र एफ/8 किंवा एफ/11 इतके लहान ठेवले की बरेच सावरते. फिशआयला, म्हणजे अतिशय रुंद दृश्यकोनाच्या लेन्सला, लहान डोमही चालतो. मला विचाराल तर वाइडची सुरुवात फिशआयनेच करावी, कारण ती माशाच्या अगदी जवळ जाऊ देते. मध्ये पाणी जितके कमी, तितका लाल रंग आणि स्पष्टपणा टिकतो. टेलिफोटोने दुरून फोटो काढण्याचा विचार सोडून द्यावा.

खोलीच्या आकड्याला तर फारच महत्त्व दिले जाते. दर 10 मीटरला एक वातावरण दाब वाढतो हे खरे. पण तोच दाब ओ-रिंग, म्हणजे हाउसिंगच्या सांध्यातले रबरी कडे, घट्ट बसवतो. गळती बहुधा उथळ पाण्यातच सुरू होते, रिंगवर एखादा केस किंवा वाळूचा कण राहिला म्हणून. दोन हाउसिंगमध्ये निवड अडली असेल, तर जास्त खोलीचे सोडून हवा खेचून गळती तपासण्याची सोय असलेले घ्यावे.

हाउसिंग सहसा एकाच मॉडेलच्या कॅमेऱ्याला बसते. कॅमेरा बदलला की तेही बदलावे लागते. पोर्ट मात्र त्याच कंपनीच्या नव्या हाउसिंगला बहुतेक वेळा चालतात. कोणत्या लेन्सला कोणता पोर्ट आणि किती लांबीची एक्स्टेन्शन रिंग (पोर्ट पुढे सरकवणारे कडे) लागते, याचे तक्ते हाउसिंगच्या कंपन्या देतात. पुढच्या लेखात असा एखादा तक्ता वाचायचा कसा, हे उदाहरणासह द्यावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक