सुधाकर, इसार देण्याआधी

आर्वी तालुका, जि. वर्धा
दि. 12 एप्रिल

प्रिय सुध्या,

तुझा मेसेज पोचला, नागपुरात घ्यायला बघतोयस त्या दोन फ्लॅटचे फोटोही पोचले. ‘लोकॅलिटी कशी आहे ते सांग’ असं एका ओळीत विचारून मोकळा झालास. त्याचं उत्तर फोनवर द्यायला बसलो तर तुझी बॅटरी जाईल, म्हणून कागद घेतला. तूर विकून झाली, संत्र्याच्या पाण्याकडे पोट्टा बघतोय, तेव्हा दुपार मोकळी आहे.

आधी मत सांगतो, कारणं मागून. मानेवाड्याकडचा वरच्या मजल्याचा फ्लॅट सोडून दे. लक्ष्मीनगरचा जुना बघण्यासारखा आहे, पण ब्रोकर म्हणतो तसा घाईघाईत इसार देऊन नाही.

मानेवाड्याचा नवा दिसतो, लिफ्ट आहे, टाइल्स चकचकीत आहेत, सगळं कबूल. पण वर थेट स्लॅब, आणि फोटोतल्या उन्हावरून बेडरूमची भिंत पश्चिमेला दिसते. नागपूरचा मे म्हणजे 45 च्या वर पारा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत आग ओकतो. तुझी पोरगी मेडिकलच्या ‘नीट’ परीक्षेचा अभ्यास त्या खोलीत करणार. ब्रोकर म्हणेल एसी लावा. लाव, पण बिल तूच भरणार आहेस. शिवाय तिकडे ले-आऊटला आर.एल., म्हणजे नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) रिलीज लेटर, आहे का, हे विचारल्यावर तो ‘होऊन जाईल’ म्हणाला, असं तूच लिहिलंस. ‘आहे’ आणि ‘होऊन जाईल’ यात किती पावसाळे जातात ते तुला मी सांगायला नको.

आता लक्ष्मीनगर. फोटो मी मोठे करून पाहिले. पोरीच्या खोलीची खिडकी डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या पाइपांच्या बंद पोकळीत, उघडते. तिथं कूलर बसणार नाही, कारण कूलरला बाहेरची मोकळी हवा लागते, डक्टमधली कोंदट हवा ओढून तो नुसती ओल करेल. हॉलच्या बाल्कनीत लोखंडी स्टँडच्या खुणा दिसतात, म्हणजे आधीचे लोक कूलर तिथं लावायचे. मग पोरीची झोपायची खोली उन्हाळ्यात हॉलच होणार, हे वहिनींना आत्ताच सांगून ठेव. कूलर म्हटला की पाणी आलं. 2019 च्या जुलैत नागपूरला पाणी देणारं तोतलाडोह धरण आटलं आणि नागपूरला एक दिवसाआड पाणी द्यावं लागलं होतं. त्या वेळी या इमारतीने काय केलं, हा प्रश्न वॉचमनला विचार, मालकाला नको. खाली संप (पाण्याची जमिनीतली टाकी) केवढा आहे, बोअर चालू आहे की नुसता पाइप उभा आहे, मोटर कोण लावतं, टँकर आला तर पैसे कोणी दिले, हे सगळं त्यातून निघतं.

अरे, आपण वावर घेताना काय करतो? सातबारा नंतर, आधी पाऊस पडून गेल्यावर जाऊन पाहतो पाणी कुठं साचतं, आणि धुऱ्याला, म्हणजे बांधाला, कोण आहे. शहरात गेलो की हीच अक्कल आपण बसस्टँडवर ठेवून जातो. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता, आणि नाग नदीकाठच्या डागा ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनी अशा चांगल्या वस्त्यांत पाणी घरात शिरलं. गाड्या बुडाल्या, फ्रिज तरंगले. तिथले भाव काही कमी नव्हते. म्हणून भावावरून उतार कळत नाही. तुझी इमारत त्या पट्ट्यात नसली तरी तळमजल्यावरच्या घरी जाऊन विचार, ‘त्या दिवशी पाणी कुठवर आलं होतं?’ लोक हात लावून दाखवतात. मीटरचा बोर्ड जमिनीपासून किती वर आहे तेही बघ. बोर्ड मागाहून उचलून लावला असेल तर कोणाला तरी अनुभव आला आहे, असं समज. आणि गाडीने जायचा रस्ता नरेंद्रनगरच्या पुलाखालून जात असेल तर पावसाळ्यात तो धरून चालू नको.

इमारत 1992 ची, म्हणजे तिशी ओलांडलेली. महापालिकेच्या कायद्याने तीस वर्षांनंतर इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून दाखला द्यावा लागतो. तो कागद माग. ‘इमारत एकदम मजबूत आहे, जुनं काम आहे’ हे उत्तर कागद नव्हे. मेहुण्यासाठी असाच एक फ्लॅट पाहायला आम्ही आमच्या गावचा मिस्त्री घेऊन गेलो होतो. मालकाने आठच दिवसांपूर्वी रंग मारला होता. मिस्त्रीने कशाला हात लावला नाही. खिशातली थापीची मूठ काढली आणि बाथरूमच्या खालच्या बाजूने, छज्जाच्या खालून, बीमच्या कडेने टक टक करत गेला. एका ठिकाणी आवाज बदलला, बद्द. म्हणाला, ‘भाऊ, रंग ताजा हाय, पन आतून पोकय हाय. सळाख फुगली.’ मालकाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. सळई गंजली की फुगते आणि वरचं काँक्रीट ढकलते, मग पोपडा पडतो. आपण पोपडा पाहतो, रंग लावतो. तू तुझ्या गावचा मिस्त्री ने. इंजिनिअरही ने, पण मिस्त्रीला आधी जाऊ दे. वरच्या मजल्यावरचं बाथरूम तुझ्या कुठल्या खोलीवर येतं ते बघ, आणि जमलं तर वरच्या घरी पाच मिनिटं नळ सोडायला लाव.

गच्चीवर चढ. तिथं दोन गोष्टी कळतील. टाक्यांची अवस्था, आणि गच्ची कोणाची. पुष्कळ जुन्या अपार्टमेंटमध्ये वरच्या मजल्यावाला म्हणतो गच्ची माझी, बिल्डरने मला लिहून दिली. मग पाणी गळायला लागलं की दुरुस्ती मात्र सगळ्यांची. पार्किंगचंही तसंच. ‘पार्किंग वेगळं, दोन लाख’ असं कोणी म्हणालं तर हस. बिल्डरला स्टिल्ट पार्किंग, म्हणजे इमारतीखालची खांबांमधली जागा, वेगळं विकता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने 2010 मध्येच सांगितलंय. ती जागा सगळ्यांची असते.

कागदांचं थोडक्यात. लक्ष्मीनगरला रेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणारा कायदा, तुझ्या कामाचा नाही, कारण तो कायदा 1 मे 2017 नंतरही अपुऱ्या राहिलेल्या प्रकल्पांना लागतो. तेव्हा आपलं जुनंच हत्यार: मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च, प्रत्येक विक्रीपत्राचा इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र. नकाशा हातात घेऊन घरात फिर. बाल्कनी बंद करून खोली केली असेल तर ती नकाशात नसते, आणि तू तिचेही पैसे देत असतोस. त्या भागात नासुप्रच्या लीजचे प्लॉट पुष्कळ आहेत. लीज तीस-तीस वर्षांची असते, शेवटचं नूतनीकरण कधी झालं आणि भाडं थकलं आहे का, ते नासुप्रच्या कार्यालयात जाऊनच विचार. मी सगळ्यात जास्त बघतो ते डीड ऑफ डिक्लेरेशन. त्यात अपार्टमेंट कायद्याखाली प्रत्येक फ्लॅटला जमिनीचा अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. तीस-पस्तीस वर्षांच्या इमारतीत भिंतींपेक्षा तो टक्का महागाचा. उद्या इमारत पाडून नवी बांधायची झाली तर तुझी किंमत त्या आकड्यावर ठरेल. टक्का मालकाला तोंडपाठ नसेल तर बिघडत नाही, पण विक्रीपत्रात नसेल तर थांब. मेंटेनन्सची थकबाकी शून्य असल्याचं लेखी घे, जुनी थकबाकी घेणाऱ्याच्याही गळ्यात पडते.

रजिस्ट्री वहिनींच्या नावाने लाव. राहायच्या घरावर बाईच्या नावाने मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत 2021 पासून आहे. शिवाय इमारतीच्या वयाप्रमाणे रेडी रेकनरच्या (सरकारी दराच्या) किमतीत घसारा मिळतो, तो दस्त करणाऱ्याला आठवण करून दिल्याशिवाय कोणी लावत नाही.

आता तू विचारलेली लोकॅलिटी. दुपारी अकराला, मालकाच्या गाडीतून, कोणतीही लोकॅलिटी चांगलीच दिसते. तू रात्री साडेनऊला जा. आपली पोरगी क्लासहून त्याच वेळी येणार. रस्त्यावर दिवे आहेत का, बायका पायी फिरतात का, किराणा दुकान उघडं आहे का, हे बघ. जवळपास लग्नाचं लॉन आहे का ते विचार. नागपुरात लॉनच्या मागे घर म्हणजे डीजे पाठ होतो आणि बारावीच्या परीक्षेत नेमकी लग्नसराई असते. इस्त्रीवाल्याजवळ दोन शर्ट टाक आणि त्याच्याशी बोलत उभा राहा. कोणता फ्लॅट वर्षानुवर्षं रिकामा आहे, कोणत्या घरात रोज भांडण असतं, तुझा मालक खरंच पुण्याला मुलाकडे चाललाय की दुसऱ्या कारणाने विकतोय, हे त्याला माहीत असतं. ब्रोकरला माहीत असलं तरी तो सांगणार नाही, त्याचं कमिशन दोन्हीकडून आहे.

लक्ष्मीनगरची एक जमेची बाजू म्हणजे तुझी जायची-यायची वाट. समुद्रपूरहून येणारी एसटी जाम, बुटीबोरी करत वर्धा रोडनेच शिरते. गणेशपेठ स्टँडपर्यंत जायची गरज नाही. खापरीला उतरता आलं तर मेट्रोने रहाटे कॉलनीपर्यंत जा आणि तिथून ऑटो. बस तिथं थांबते का ते कंडक्टरला विचार. आजी-आजोबा आले तर मात्र तिथल्या जिन्याचा विचार कर. लिफ्ट नाही, आणि तुझ्या बाबांचे गुडघे मला ठाऊक आहेत. दुसरा मजला आहे म्हणून मी एवढं तरी ‘घे’ म्हणतोय.

भाव तू कमी कर म्हणून सांगणार नाही, तू आपल्याकडचा बैलबाजारात वाढलेला माणूस आहेस. पण मिस्त्री टक टक करून आल्यानंतर बोलायला बस, त्याच्याआधी नको. डीड ऑफ डिक्लेरेशनची प्रत मिळाली की मला पाठव, मी आमच्या ओळखीच्या वकिलाला आर्वीला दाखवतो. पोरीचा क्लास कुठल्या चौकात आहे तेही कळव.

वहिनींना नमस्कार, पोरीला आशीर्वाद.

तुझा,
दिलप्या